स्मृतिग्रंथात न आलेलं

आमच्या भागात त्याला सगळे साहेब म्हणायचे. पक्षातले, पोलीस ठाण्यातले, रिक्षा स्टँडवरचे, इतकंच काय, माझी आईसुद्धा. आमच्या वस्तीत त्याच्याबद्दल एकवचनात बोलणारा एकच माणूस मी पाहिला, ते म्हणजे माझे वडील. या लिखाणात मीही वडिलांसारखं 'तो'च म्हणणार आहे. त्याला जाऊन आता दीड वर्ष होईल. आता कशाला उकरून काढतेस, असं मला बऱ्याच जणांनी सांगून झालंय.

आम्ही भांडुपला टेकडीवर राहायचो. वडील जालन्याकडून आलेले, एका औषध कंपनीत फिटर. वस्तीत बहुतेक घरं आमच्यासारखीच, गावाकडून आलेली बौद्ध कुटुंबं. वर बुद्धविहार, खाली उतरलं की बाजार आणि स्टेशन. मी सातवीत असताना एका रविवारी वडिलांबरोबर बाजारातून येत होते. स्टेशनजवळच्या नाक्यावर वीस-पंचवीस पोरांनी एका चणेवाल्या भय्याची गाडी उलटी केली होती. चणे, राख, पेटते कोळसे सगळं रस्त्यावर. तो माणूस खाली बसून दोन्ही हातांनी डोकं झाकत होता आणि पोरं त्याला लाथा घालत होती.

तेव्हा मी त्याला, सगळ्यांच्या साहेबांना, पहिल्यांदा पाहिलं. जेमतेम विशीचा असेल. पांढरा शर्ट, घडी न मोडलेला. तो कुणाला मारत नव्हता. बाजूच्या पानाच्या गादीपाशी उभा राहून खाली न पडलेले मूठभर चणे खात होता.

वडिलांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि ते त्या चणेवाल्याला उठवायला गेले. पोरं थोडी मागे झाली, कारण वडील वयानं मोठे होते. तो पुढे आला.

"काका, तुम्ही आपले ना? मग लांब व्हा."

"आपले म्हणजे कोण?" वडिलांनी विचारलं.

तो हसला. त्यानं वडिलांचा हात हातात घेतला, जसा कुणी ओळखीच्या माणसाचा घेईल, आणि बोलत राहिला. मराठी माणसाची लढाई आहे, तुमच्यासारख्यांनी साथ द्यायला पाहिजे, वगैरे. बोलता बोलता हात दाबत राहिला. वडील सोडवू बघत होते. त्यानं सोडला तेव्हा वडिलांची बोटं पांढरी पडली होती. पुढे तो मोठा झाल्यावर, कुणाशीही बोलताना हात हातात धरून ठेवतो याचं लोकांना फार कौतुक होतं. किती आपुलकी, म्हणायचे. मला ती पांढरी बोटं आठवायची.

घरी आल्यावर वडील आईला म्हणाले, "हा मोठा होणार बघ."

"कशावरून?"

"त्याला स्वतःला काही करावं लागत नाही."

आणि तसंच झालं. तो नगरसेवक झाला, मग आमदार, मग दोन-अडीच वर्षं मंत्री. आमच्या वस्तीत त्यानं संडास बांधले, पाण्याची लाईन आणली, विहारात लादी बसवली. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. आई म्हणायची, "बाकीच्यांनी काय दिलं? निदान साहेब विचारतात तरी." वडील विहारात जायचे ते घरून चटई घेऊन. ती त्या लादीवर अंथरायचे आणि तिच्यावर बसायचे. लोक हसायचे. ते शेवटपर्यंत चटई न्यायचे.

मी बी.एड. केलं आणि दोन वर्षं घरी बसले. अर्ज करून करून दमले. शेवटी एक दिवस आई मला त्याच्या कार्यालयात घेऊन गेली. वडिलांना सांगितलं नव्हतं. तिथे बाकांवर पन्नासेक माणसं बसली होती. आमचा नंबर आला तेव्हा तो टेबलावरच बसला होता, खुर्ची रिकामी. त्यानं आईचा हात हातात घेतला.

"मूळच्या कुठल्या तुम्ही?"

आईनं गाव सांगितलं.

"छान, छान. तुमचा समाज शिक्षणानंच पुढे येणार," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघताच त्यानं चिठ्ठी लिहिली. दोन ओळी. आई रडायला लागली. त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं आणि लगेच पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या चिठ्ठीवर मला नोकरी लागली. त्यानं माझ्याकडून काही घेतलं नाही. वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग रुजू व्हायच्या आदल्या दिवशी जेवताना म्हणाले, "कर नोकरी. नीट शिकव. पण उपकार मानू नकोस. ती नोकरी त्याच्या घरची नाही. तू शिकलीस म्हणून तुझी आहे." मी मान हलवली. पण उपकार मी मानले. कितीतरी वर्षं मानले.

शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित. एकेकाळी कारखान्यांतल्या कामगारांनी वर्गणी काढून स्थापन केलेली संस्था. दोन मजली जुनी इमारत, पुढे बऱ्यापैकी मैदान. तो याच शाळेत शिकला होता आणि आता संस्थेचा अध्यक्ष होता. मुख्याध्यापिकांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणायचो. मुलुंडच्या, नोकरदार घरातल्या, लग्न केलं नाही, सगळं आयुष्य त्या शाळेत गेलं. नोकरीला नव्या लागल्या तेव्हा त्यांनी त्याला पाचवीत मराठी शिकवलं होतं. तो मंत्री असतानाही बाई त्याला अरे-तुरे करायच्या, पोलीस बंदोबस्तासमोर. त्याला ते आवडायचं. दरवर्षी शिक्षकदिनाला तो शाल-श्रीफळ घेऊन यायचा, वाकून नमस्कार करायचा, आणि वाकलेला असताना फोटोवाल्याकडे बघायचा.

"वात्रट होता," बाई स्टाफरूममध्ये सांगायच्या, "पण शाळेला विसरला नाही हो."

सुरुवातीला तीन-तीन तुकड्या होत्या. माझी दहा वर्षं होईपर्यंत एकेक उरली. आम्ही शिक्षक मे महिन्यात पत्रकं घेऊन घरोघर फिरायचो, मुलं द्या म्हणून. पटसंख्या कमी झाली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, मग त्याला दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत पाठवतात. त्याच सुमारास संस्थेनं इंग्रजी माध्यमाची शाळा काढली. आधी आमच्याच दुसऱ्या मजल्यावर, मग अर्ध्या मैदानावर चकचकीत इमारत बांधून. उद्घाटनाला तो मराठीच्या भवितव्यावर पाऊण तास बोलला. त्याच्या कार्यालयात दाखल्यासाठी, शिफारशीसाठी जाणाऱ्या आईबापांना तिथली माणसं सांगायची, मुलाला नव्या शाळेत घाला, पहिल्या वर्षाची फी माफ करून देतो.

एका मेमध्ये मी टेकडीवर, माझ्याच वस्तीत, एका बाईच्या दारात पत्रक घेऊन उभी होते. ती धुणीभांडी करणारी. तिनं पत्रक नीट वाचलं आणि परत दिलं.

"बाई, साहेबांची मुलं कुठल्या शाळेत जातात?"

मी पत्रकाची घडी घातली.

"मग?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

याच काळात त्याचं एक प्रकरण फार गाजलं. एका बँकेचा मॅनेजर, दाक्षिणात्य, कुणा म्हाताऱ्याशी मराठीत बोलला नाही. याची माणसं बँकेत गेली आणि मॅनेजरकडून मोबाईलसमोर माफी मागून घेतली. कान पकडून. पन्नाशीचा माणूस, चष्मा नाकावर घसरलेला, एकेक शब्द अडखळत बोलतोय. तो व्हिडिओ आमच्या शाळेच्या ग्रुपवर आला. मी तो माहेरच्या ग्रुपवर पाठवला, हसण्याच्या तीन इमोजींसह. हे लिहायला मला आज कसंतरी होतं, पण ते झालेलं आहे.

नंतर शाळेची जुनी इमारत धोकादायक असल्याची नोटीस लागली. आम्हाला धक्काच बसला, कारण दोनच वर्षांपूर्वी तिची दुरुस्ती झाली होती. मोठ्या बाई म्हणाल्या, "मी त्याच्याशी बोलते. त्याला माहीत नसेल." मला बरोबर घेऊन त्या त्याच्या कार्यालयात गेल्या. निवृत्तीला त्यांची चारच वर्षं राहिली होती. त्या दिवशी त्या इस्त्रीची सुती साडी नेसून आल्या होत्या, एखाद्या समारंभाला जावं तशा.

त्यानं आम्हाला आतल्या खोलीत नेलं. चहा मागवला. बाई म्हणाल्या, "अरे, नोटीस बघितलीस का? कुणीतरी चुकीचा रिपोर्ट दिलाय."

"रिपोर्ट बरोबर आहे, बाई."

"मग आमची मुलं नव्या इमारतीत बसव. तिथे वरचे वर्ग रिकामे आहेत."

"ते नाही जमायचं. त्या पालकांना चालणार नाही."

बाईंनी समोरचा चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "म्हणजे शाळा बंद करतोयस."

"बाई, मूलच नाही राहिलं तर शाळा कुणासाठी चालवायची? काळ बदललाय. तुम्ही समजून घ्या."

"आणि तू सभेत बोलतोस ते?"

तो मनापासून हसला. लहान मुलानं काहीतरी गोड बोलावं आणि मोठ्यांनी हसावं तसं. "बाई, सभा वेगळी हो."

त्यानं त्यांचा हात हातात घेतला. मी बघत होते. बाईंनी दुसऱ्या हातानं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि उठल्या. चहा तसाच राहिला. जिन्यावर त्या म्हणाल्या, "चार शब्दांत सांगितलं त्यानं. एवढी वर्षं मला कळलं नव्हतं." मग बाहेर येऊन त्या रिक्षाच्या रांगेत उभ्या राहिल्या.

फेब्रुवारीत मराठी भाषा दिनाचा त्याचा मोठा कार्यक्रम असायचा. मंडप, ढोलताशा, साहित्यिक पाहुणे. त्या वर्षी ज्येष्ठ शिक्षिका म्हणून मोठ्या बाईंचा सत्कार ठरवला होता, बहुतेक कार्यालयातली भेट व्हायच्या आधीच. बाईंनी नाही म्हटलं नाही. आम्हा सगळ्या शिक्षकांना आश्चर्य वाटलं. त्यानं त्यांना शाल पांघरली, वाकून नमस्कार केला. सूत्रसंचालकानं बाईंच्या हातात माईक दिला, दोन शब्द बोला म्हणून.

बाई म्हणाल्या, "मला एवढंच विचारायचंय. येत्या जूनमध्ये आमची शाळा उघडणार आहे का?"

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागे बसलेल्या आमच्या काही पालकांनी टाळ्या वाजवल्या. तो जागचा हलला नाही. माईक घेतला आणि म्हणाला, "माझ्या बाईंनी मला आजही वर्गात उभं केलं! बाई, हा तुमचा विद्यार्थी शब्द देतो, माझ्या जिवात जीव आहे तोवर या शाळेला कुलूप लागणार नाही." मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. शिट्ट्या, घोषणा. माझेही डोळे भरून आले. इतकं बघून, ऐकूनही भरून आले. तो माणूस बोलायला लागला की तसं व्हायचं, त्याला काय करणार.

जूनमध्ये आम्ही शाळेत गेलो तेव्हा दाराला कुलूप होतं. मुलं गणवेश घालून, नवी दप्तरं घेऊन फाटकापाशी उभी होती. वॉचमन मान खाली घालून म्हणाला, "वरून ऑर्डर आहे, बाई."

एका वर्तमानपत्राचा बातमीदार आला. बाईंनी त्याला जे घडलं ते सांगितलं: नोटीस, कार्यालयातली भेट, मंडपातला शब्द. 'सभा वेगळी' हे वाक्यही सांगितलं. तेच मथळ्यात छापून आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मुलुंडला बाईंच्या घरी होते. मुलांचे दाखले कुठे मिळतील, कुणाला कुठल्या शाळेत घालायचं याची यादी आम्ही करत होतो. बेल वाजली. चौघंजण आत आले. सगळे पंचविशी-तिशीचे, गळ्यात पक्षाचे रुमाल. त्यातला एक आमच्याच शाळेचा, दहावीला मी त्याला भूगोल शिकवला होता. त्यानं मला ओळखलं नाही, किंवा ओळख दाखवली नाही. पुढच्यानं मला विचारलं, "तुम्ही कोण?"

मी म्हणाले, "शेजारीण."

ते माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही. घरात नवरा, दोन मुलं, टेकडीवर वडील अंथरुणाला खिळलेले, नोकरी अधांतरी, हे सगळं नंतर मी स्वतःला सांगितलं. त्या क्षणी यातलं काही डोक्यात नव्हतं. फक्त भीती होती.

"मग तिकडे बसा," तो म्हणाला. मी स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसले.

त्यांनी बाईंना खुर्चीत बसवलं आणि टाईप केलेला एक कागद दिला. मोबाईल धरला. "हे वाचायचं. साहेबांची बदनामी केली म्हणून."

बाईंनी चष्मा लावला, कागद पूर्ण वाचला. मग टेबलावरचं लाल पेन उचललं.

"'जाहीर' मधला ही दीर्घ," त्या म्हणाल्या आणि दुरुस्त केलं. "'दिशाभूल' एक शब्द आहे, तोडू नका. आणि हे वाक्य कुणी लिहिलं? 'मी साहेबांची माफी मागते आहोत.' 'मी' असेल तर 'आहे'. सगळ्यांच्या वतीनं मागायची असेल तर तुम्ही चौघांनी इकडे येऊन बसा."

माझा विद्यार्थी खाली बघत होता. पुढचा ओरडला, "ए म्हातारे, शाळा बंद झालीय तुझी! वाच गप!"

त्यानं टेबलावर हात आपटला तेव्हा पाण्याचा ग्लास पडला, आमच्या यादीवर पाणी सांडलं. बाईंनी भिजलेले कागद उचलून बाजूला ठेवले. मग हातातला मजकूर वाचला. शब्द न गाळता, स्पष्ट उच्चारात. कान पकडायला सांगितले तेव्हा त्यांनी कागद खाली ठेवला. "ते करणार नाही," म्हणाल्या. मग त्या पुढच्यानंच त्यांचे दोन्ही हात कोपरांशी धरून कानापाशी नेले आणि दुसऱ्यानं जवळून शूटिंग केलं. चौसष्ट सेकंदांचा व्हिडिओ आहे तो. त्यात त्याचे हात दिसत नाहीत, बाईंचेच दिसतात. लाल पेनाचा भाग अर्थातच नाही.

ते गेल्यावर मी दार लावलं आणि रडायला लागले. बाईंनीच मला पाणी दिलं.

"मी शेजारीण म्हणाले, बाई."

"ऐकलं मी. बरं केलंस. तुझ्या नोकरीवर गदा आली असती."

त्या चिडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

व्हिडिओ संध्याकाळपर्यंत सगळीकडे गेला. काहींनी हळहळ व्यक्त केली. पुष्कळांनी हसण्याच्या इमोजी टाकल्या. कुणीतरी लिहिलं, 'मास्तरीणबाईंचाच धडा झाला.' त्यानं स्वतः काय केलं? पत्रकारांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "कार्यकर्त्यांच्या भावना तीव्र असतात. बाई मला आईच्या जागी आहेत." दुसऱ्या दिवशी त्याच्या कार्यालयातून बाईंच्या घरी फळांची करंडी आली. बाईंनी ती तशीच खाली वॉचमनला दिली.

पुढे आमची समायोजनं झाली. मला अंधेरीची एक शाळा मिळाली. बाईंनी उरलेली नोकरी केली नाही, राजीनामा दिला आणि घराबाहेर पडणं बंद केलं. वाणसामान घरपोच, औषधं घरपोच. बाल्कनीतसुद्धा येत नसत, समोरच्या इमारतीतले बघतात म्हणून. मी दर रविवारी जायचे. आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारायचो. माझे वडील वारले तेव्हा त्यांनी फोनवर अर्धा तास माझं ऐकून घेतलं, पण टेकडीवर येऊ शकल्या नाहीत. त्याचा त्यांना फार त्रास झाला, हे मला नंतर कळलं.

मग तीन-चार वर्षांनी तो गेला. हृदयविकारानं, पंधरा दिवस इस्पितळात राहून. भांडुपपासून मुलुंडपर्यंत दोन दिवस दुकानं बंद. बंद म्हणजे करायला लावलेली. मुलाच्या तापाचं औषध मला केमिस्टनं मागच्या दारानं दिलं, हळू आवाजात. चौकाचौकात त्याचे हसरे फलक, 'मराठीचा बुलंद आवाज'. टीव्हीवर विरोधी पक्षातलेही त्याच्या दिलदारपणाच्या आठवणी सांगत होते. आई रडली. मी तिला काही बोलले नाही, तिच्या बाजूनं ती बरोबर होती.

दोन महिन्यांनी मला एका निवृत्त प्राध्यापकांचा फोन आला. घाटकोपरला राहणारे, सज्जन बोलणं. साहेबांचा स्मृतिग्रंथ काढतोय, सर्वसामान्य माणसांच्या आठवणी हव्यात, तुम्हाला नोकरी साहेबांमुळे लागली असं संस्थेतून कळलं, दोन पानं द्याल का? मी नाही म्हणणार होते. पण बाईंना सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "दे की. जे घडलं ते लिही. विशेषणं लावू नकोस."

मी चार पानं लिहिली. चिठ्ठीपासून व्हिडिओपर्यंत. चणेवाल्याचंही लिहिलं. प्राध्यापकांना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: 'लेख पोचला. मनःपूर्वक आभार.' मला वाटलं, चला, अजून माणसं आहेत.

प्रकाशनाला मी गेले. जाडजूड ग्रंथ, गुळगुळीत कागद. माझं नाव अनुक्रमणिकेत होतं. पान काढलं. एकच परिच्छेद होता: आई, कार्यालय, चिठ्ठी. आणि खाली माझं नसलेलं एक वाक्य, 'आज मी जी कुणी आहे ती केवळ साहेबांमुळेच.' व्यासपीठावर त्याचा मुलगा बोलत होता. बापासारखंच, तेच हातवारे. मी तिथे बसूनच प्राध्यापकांना गाठायचं ठरवलं आणि कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी त्यांना अडवलं.

"सर, हे शेवटचं वाक्य कुणाचं?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "ताई, जागेची अडचण असते. थोडं संपादन करावं लागतं."

"जागेची अडचण असताना वाक्य वाढवलंत?"

"हे बघा, माणूस गेलाय. आता त्याचं काय घेऊन बसायचं?" हातातला कप तसाच ठेवून ते दुसऱ्या घोळक्यात गेले.

मी ग्रंथ घेऊन तशीच मुलुंडला गेले. बाईंनी ते पान वाचलं, मग दुसऱ्यांदा वाचलं. मी म्हणाले, "सॉरी, बाई. मी द्यायला नको होतं."

त्यांनी ग्रंथ मिटून टेबलावर ठेवला. मग विचारलं, "त्या चौघांची नावं तुला माहीत आहेत का?"

"दोघांची आहेत. बाकीच्या दोघांची काढता येतील."

"काढ."

"कशाला?"

"पोलिसात द्यायची आहेत."

मला आधी वाटलं त्या रागाच्या भरात बोलतायत. पण पुढच्या शनिवारी मी गेले तर त्या चपला घालून तयार होत्या, हातात प्लास्टिकचं फोल्डर. किती वर्षांनी त्या जिना उतरत होत्या. पहिल्या मजल्यावर थांबल्या, कठड्याला धरून श्वास घेतला. "चल," म्हणाल्या.

पोलीस ठाण्यात एक तरुण उपनिरीक्षक होता. त्यानं अर्ज वाचला. "आजी, ज्यांच्यामुळे झालं ते तर गेले."

"तो गेला. माझ्या घरात शिरले होते ते चौघं आहेत ना."

"एवढ्या वर्षांनी? पुरावा काय?"

"व्हिडिओ आहे. त्यांनीच काढलेला."

"त्यात तर तुम्ही एकट्याच दिसताय."

तेव्हा मी म्हणाले, "मी होते तिथे. मी सगळं पाहिलंय. माझा जबाब घ्या."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. नोकरी कुठे, घर कुठे, विचारून घेतलं. चौघांपैकी पुढचा, टेबलावर हात आपटणारा, आता आमच्या वॉर्डातून तिकीट मागतोय, हे त्याला माहीत होतं; नाव वाचल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं होतं. "मॅडम, विचार करून सांगा," तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, झालाय करून. माझा जबाब लिहायला दोन तास लागले. बाई बाकावर ताठ बसून होत्या. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून मिळाल्याशिवाय त्या उठल्या नाहीत.

त्यानंतर व्हायचं ते झालं. अनोळखी नंबरांवरून फोन आले. अंधेरीच्या शाळेत मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की वैयक्तिक भानगडी शाळेत आणू नका. वस्तीतले काही लोक आईशी बोलेनासे झाले. विहाराच्या लादीची आठवण तिला दोघा-तिघांनी करून दिली. ती मला म्हणाली, "तुला काय मिळालं गं हे करून?" मी तिला बाईंकडे घेऊन गेले. दोघींनी मिळून साबुदाण्याची खिचडी केली. त्यानंतर आईनं तो प्रश्न परत विचारला नाही. माझा तो भूगोलाचा विद्यार्थी मात्र एकदा अंधेरीला शाळेबाहेर भेटला. म्हणाला, "बाई, माझं नाव काढा ना त्यातून. मी फक्त उभा होतो." मी त्याला सांगितलं की जबाबात मी तेच लिहिलंय, तू उभा होतास. मीही बसून होते, तेही लिहिलंय.

अर्जाला आता आठ महिने झाले. तपास चालू आहे, असं सांगतात. गुन्हा अजून नोंदवलेला नाही. संस्थेच्या फाटकावर त्याच्या नावाची कमान लागली आहे, आमची जुनी इमारत पाडून तिथे गाड्या लावतात. महिन्यातून एकदा आम्ही दोघी ठाण्यात जातो. परवा गेलो तेव्हा तो उपनिरीक्षक म्हणाला, "आजी, फाईल वर गेलीय. तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही फोन करू."

"त्रास नाही," बाई म्हणाल्या. "मला यायला आवडतं."

बाहेर आल्यावर त्यांना भाजी घ्यायची होती. मेथीच्या जुडीवरून त्यांनी भाजीवालीशी चांगली पाच मिनिटं हुज्जत घातली, दोन जुड्या घेतल्या, एक मला दिली.